गुलाल मागं, किरणं पुढं: कोल्हापूरच्या एका रेसरच्या हेल्मेटचं प्रकरण

हे प्रकरण एकाच हेल्मेटचं आहे. नावं सगळी गाळलीयत, कारण पोरगा अजून रेस करतोय आणि घरचे पेठेत राहतात, तिथं अर्धं नाव जरी सांगितलं तरी लोक घरापर्यंत पोचतात. मी ग्राफिक्सचं काम करतो, गाड्यांचे स्टिकर, रेडियम, दुकानांचे बोर्ड. यात ड्रॉइंग माझं होतं आणि रंग मारला उद्यमनगरातल्या एका पेंटर मामांनी. हेल्मेट रंगवणं म्हणजे नुसतं सजवणं असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून कुठं कुठं अडलो आणि तिथं काय ठरवलं ते सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

रायडर बाविशीतला. आजोबा पैलवान, वडिलांचं गॅरेज. हा पण शाळेत असताना तालमीत जायचा, त्यात डावा कान सुजून कायमचा गड्डा झाला, पैलवानांचे असतात तसा. पुढं कुस्ती सुटली आणि गाडीचा नाद लागला, आधी मातीवरच्या सुपरक्रॉस रेस, मग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होणाऱ्या एका वन-मेक चॅम्पियनशिपमध्ये निवड झाली.

वन-मेक म्हणजे सगळ्यांना एकाच कंपनीची, एकाच ट्यूनिंगची गाडी. गाडीत फरक नाही म्हटल्यावर रायडरचा खरा कस लागतो हे बरोबर, पण बघणाऱ्याचे हाल होतात. गाड्या सारख्या, त्यावरचे स्टिकर सारखे, लेदर सूट पण जवळजवळ सारखेच, फरक फक्त नंबरचा आणि तो मोबाईलवरच्या लाइव्हमध्ये कुणाच्या बापाला दिसतोय. पहिल्या राउंडला घरात पंधरा-वीस माणसं मोबाईल टीव्हीला जोडून बसलेली, एक गाडी पुढं सरकली तसा सगळ्यांनी दंगा केला, शिट्ट्या झाल्या, आणि लॅप संपल्यावर कळलं की तो बंगळुरूचा कुणीतरी होता, आपला मागं नवव्या-दहाव्याला अडकलेला.

हेल्मेटनं माणूस ओळखायचा हे पोराला आधीच माहीत होतं. सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची सगळ्यात मोठी वर्ल्ड चॅम्पियनशिप, झाली तेव्हा तो मित्रांबरोबर गेलेला. तिथं पण एका टीमच्या दोन गाड्या सारख्याच असतात, स्टँडमधून बघताना डोक्यावरून ओळखायचं. तिथनं आल्यापासून त्याच्या डोक्यात हेच.

हेल्मेट दोन होती. एक रोजच्या वापरातलं आयएसआय मार्कवालं, पॉलीकार्बोनेटच्या शेलचं. दुसरं रेसचं, फायबर कंपोझिट शेल, ईसीई २२.०६ हे युरोपचं सुरक्षेचं सर्टिफिकेट, डबल डी-रिंगचा (दोन कड्यांतून ओवून बांधायचा) पट्टा, रंग साधा पांढरा. वडिलांची मागणी तर सोपी होती, "ह्याच्यावर काहीतरी झ्याक काढा की, लांबनं ओळखू येईल असं."

अडचण कुठं होती

"काहीतरी" या शब्दात सगळं घर आलं. आजीला अंबाबाईचा फोटो पाहिजे होता, कपाळावर. मित्रांना चित्ता. पोराला स्वतःला मोटोजीपी गाजवलेल्या व्हॅलेंटिनो रॉसीच्या हेल्मेटवर असायचे तसे चंद्रसूर्य. वडिलांना ०९ नंबर, कारण गाडीची पासिंग एमएच ०९, कोल्हापूरची ओळख. आणि शिरोलीतल्या ज्या कारखानदारानं टायर आणि प्रवासाचा खर्च उचललेला त्याला व्हायझरच्या (पुढच्या काचेच्या) वरती, बरोबर मधोमध, कारखान्याचा लोगो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, पण हेल्मेट एकच, आणि त्यावर सपाट अशी जागा जवळपास नाहीच, सगळीकडं गोलाई, त्यात व्हेंट म्हणजे हवेची भोकं, व्हायझरच्या खुंट्या, मागं स्पॉयलर. मी पहिल्यांदा सगळ्यांचं सगळं बसवून एक ड्रॉइंग मुद्दाम काढून दाखवलं, ते बघून पोराचा मित्रच म्हणाला, "भावा, हे गणपती मंडळाचं पोस्टर झालंय, अध्यक्षांचा फोटो तेवढा राहिला."

दुसरी अडचण वेगळ्या जातीची होती. हेल्मेट ही जीव वाचवायची वस्तू आहे आणि रंगातलं थिनर तिचा शत्रू. पॉलीकार्बोनेटवर जोरकस थिनर लागलं की वरून काही दिसत नाही पण आतून बारीक चिरा पडून शेल ठिसूळ होतं. आतला थर म्हणजे ईपीएस, आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा पण घट्ट, तो तर पेट्रोलनं, अ‍ॅसिटोननं, थिनरनं सरळ विरघळतो. म्हणजे डिझाइन कितीही भारी असलं तरी चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर डोक्यावर रंगवलेला रिकामा डबा.

पर्याय आणि त्यावरच्या चर्चा

चर्चा गॅरेजमध्येच व्हायच्या, संध्याकाळी काम संपल्यावर, चहाबरोबर.

रॉसीचं आधी घेऊ. ते चंद्रसूर्य आल्डो ड्रुडी नावाच्या इटालियन डिझायनरनं बसवलेले, रॉसीच्या स्वभावाच्या दोन बाजू म्हणून. ते त्याचे आहेत. तो माणूस तर हेल्मेटवर गप्पा मारायचा. २००८ ला मुजेलोच्या रेसला त्यानं डोक्याच्या वरच्या भागावर स्वतःचाच डोळे फाडलेला, घाबरलेला चेहरा काढून घेतला, २००९ ला इंडियानापोलिसला पडला तर पुढच्याच रेसला मिसानोला हेल्मेटवर गाढव घेऊन आला, म्हणजे गाढवपणा झाला हे जगाला सांगून मोकळा, आणि ती रेस जिंकला सुद्धा. त्याच्या आधी बॅरी शीन हा ब्रिटिश रेसर हेल्मेटवर डोनाल्ड डक घेऊन १९७६ आणि १९७७ ला वर्ल्ड चॅम्पियन झालेला. हे सगळं त्या त्या माणसाचं बोलणं आहे. आपण तेच उचललं तर दुसऱ्याच्या घराची पाटी आपल्या दारावर लावल्यासारखं.

पण पोराला पटवलं ते मी नाही. वडिलांचे एक दोस्त गॅरेजवर बसायला येतात, त्यांना जुने दगड, शिलालेख, गडकोट यांचं वेड. त्यांनी चंद्रसूर्याचं ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "अरं, हे तर वीरगळावर असतंय." गावागावात देवळाच्या बाहेर वीरगळ उभे असतात ते बघितले असतील तर आठवेल, खालच्या चौकटीत लढाई, मधे वीर स्वर्गात चाललाय, वरती पूजा, आणि अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहील. फक्त तो दगड मेलेल्या वीराचा. हे ऐकल्यावर आई आतून बाहेर आली आणि तो विषय तिथंच मिटला. इटलीत ज्याचा अर्थ स्वभाव होतो त्याचा आपल्याकडं अर्थ असा होतो, आणि आपलं हेल्मेट आपल्याच माणसांनी बघायचंय.

अंबाबाईच्या फोटोवर कुणी आजीला नाही म्हणायला तयार नव्हतं. वडील गप्प, पोरगा माझ्याकडं बघणार, मी पेंटर मामांकडं. शेवटी मामाच बोलले. "आज्जी, हेल्मेट जमिनीवर ठेवतात. टॉयलेटला जाताना हँडलला अडकवतात. आणि पोरगं पडलं तर ते डांबरावर घासत जाणार. देवीचा चेहरा घासत गेलेला तुम्हाला बघवंल का?" आजीनं थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाली, "मग देवी नको, पण देवीचं कायतरी पाहिजे." माझ्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात उपयोगी वाक्य ते होतं, कारण त्यातनंच किरणोत्सव सुचला.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो. वर्षातनं दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत शिरून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग, धूळ, वाटेतली बांधकामं यामुळं काही वेळा किरणं कमरेपर्यंत येऊनच थांबतात आणि सगळं गाव हळहळतं. म्हणजे सूर्य पाहिजे होता तर आपला सूर्य होताच की, आणि तो पायरी पायरीनं वर चढणारा. तीन सोनेरी पट्टे, एक हनुवटीपाशी संपणारा, दुसरा गालापर्यंत, तिसरा कपाळावरून थेट डोक्याच्या वर. ज्याला कळतंय त्याला किरणोत्सव, बाकीच्यांना पिवळे पट्टे. दोन्ही चालतंय.

चित्त्यावर मात्र जोरात भांडण झालं. मित्रांचा मुद्दा असा की चित्ता कोल्हापूरचाच आहे, आणि ते खोटं नाही. संस्थानात शिकारीचे चित्ते होते, देशातले कमी झाले तसे आफ्रिकेतून आणलेले, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. शिकारीला नेताना चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी असायची, गाडीवर बसवून न्यायचे आणि काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची. ही गोष्ट मला लई आवडली, कारण व्हायझर खाली घेऊन ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या जागेवर, थांबलेला रायडर यापेक्षा काय वेगळा असतो. पण वडील म्हणाले, "चित्ता चार-पाचशे मीटरात दमतोय. ह्याला पावणेचार किलोमीटरचा लॅप मारायचाय, तो पण एकदा नाही." सगळे हसले पण मुद्दा राहिला. त्यात मित्रानं नेटवरनं जो फोटो आणलेला तो बिबट्याचा निघाला. बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मधे पोकळ असतात, चित्त्याचे भरीव गोल. आणि चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते, ती बिबट्याला नसते. मग मी सगळा चित्ताच पुसून टाकला आणि फक्त ती रेघ ठेवली, व्हायझरच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून हनुवटीकडं जाणारी, दोन्ही बाजूंना. व्हायझर बंद केला की चेहरा तयार होतो. मित्र पहिल्यांदा नाराज झाले, मग त्यांनीच स्टेटस ठेवले.

०९ चा निर्णय सगळ्यात लवकर झाला आणि तो वडिलांना आवडला नाही. चॅम्पियनशिपमध्ये ९ नंबर दुसऱ्याकडं होता, आपल्याला वेगळा मिळालेला. गाडीवर एक नंबर आणि डोक्यावर दुसरा म्हणजे कॉमेंट्रीवाल्यापासून ट्रॅकवर मदतीला उभ्या असलेल्या मार्शलपर्यंत सगळ्यांचा गोंधळ. नंबरला अर्थ असतो हे मान्य, रॉसीचा ४६ त्याच्या वडिलांचा होता, निकी हेडन या अमेरिकन रेसरच्या घरात ६९ चालायचा आणि त्याचं कारण असं सांगायचे की गाडी उलटी पडली तरी नंबर वाचता येतो. पण तो गाडीवरचा नंबर होता. हेल्मेटवर नंबर नाही, संपलं.

राहिला गुलाल. मागच्या भागाला गुलाबी पाहिजे असं मी सुचवलेलं, फ्लोरोसंट, जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगर होतो तसा. यावर आजीनंच हरकत घेतली, की गुलाल जिंकल्यावर उधळायचा असतो, आधीच लावून कोण जातंय, अपशकुन. आपल्याकडं निवडणूक असो, कुस्ती असो, शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच असो, गुलाल म्हणजे निकाल लागला. वडिलांचं म्हणणं की जोतिबाला कुठं कोण जिंकलेलं असतं, तिथं चांगभलं म्हणून उधळतात. दोन दिवस घरात हाच विषय. तोडगा पोरानंच काढला. म्हणाला, मागच्याच भागावर लावा, पुढून अजिबात दिसायला नको. ज्याला मी मागं टाकलंय त्यालाच तो दिसणार, आणि त्याच्यापुरता मी जिंकलेलोच असतोय. नाद खुळा. हे मला सुचलं नसतं.

लोगोचं मी बोलायला गेलो. कपाळ का नाही हे दाखवायला हेल्मेट घालून पोराला गाडीवर झोपवला. सरळ रस्त्यावर रायडर टाकीवर झोपलेला असतो, हनुवटी टाकीला, नजर विंडस्क्रीनमधून, त्यामुळं समोरच्या कॅमेऱ्याला कपाळ काचेच्या मागं आणि डोक्याचा वरचा भाग मात्र स्वच्छ दिसतो. रॉसीनं तो घाबरलेला चेहरा वरती काढला तो उगाच नाही. कारखानदारसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, मग आमचा लोगो वरतीच घ्या. वरती तिसरं किरण जात होतं. शेवटी हनुवटीचा भाग त्यांना दिला, कारण पिटमध्ये मुलाखत किंवा फोटो घेताना हेल्मेट मांडीवर नाहीतर काखेत असतं आणि हनुवटी कॅमेऱ्याकडं असते. पहिलं किरण आम्ही थोडं बाजूला घेतलं. ते खूश होते असं म्हणणार नाही, पण मान्य केलं.

काम कसं झालं

ड्रॉइंग पक्कं करायच्या आधी दोन चाचण्या केल्या. एक, प्रिंट नखाएवढी बारीक काढून हातभर अंतरावरून बघायची, जे दिसत नाही ते काढून टाकायचं. यात चित्त्याचे उरलेसुरले ठिपके, बारीक अक्षरं, किरणांच्या कडेची नक्षी सगळं गेलं. दोन, हेल्मेटला रंगीत कागद चिकटवून संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवायचं आणि लांब चालत जाऊन बघायचं. भेळ खाणारी पोरं "काय शूटिंग हाय काय" म्हणून गोळा झाली, ते सोडा. सोनेरी रंग मावळतीला मातकट दिसायला लागला, म्हणून सरळ पिवळा घेतला. जोई डनलॉप आयल ऑफ मॅन टीटी या रस्त्यांवरच्या रेसमध्ये २६ वेळा जिंकला, त्याचं हेल्मेट साधं पिवळं, त्यावर चित्र नाही काही नाही, आणि तरी लोक ते विसरत नाहीत.

पॉलीकार्बोनेटच्या हेल्मेटला हात लावायचा नाही हे मामांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. रेसच्या फायबर हेल्मेटचं पण त्यांनी कंपनीच्या पुस्तकात बघून घ्यायला लावलं. काही कंपन्या रंगवायलाच मनाई करतात, काही ठिकाणी वॉरंटी जाते, आणि रेसच्या आधी तपासणीत शेलच्या रचनेत काही बदल केलेला दिसला तर हेल्मेट बाद. रंग हा बदल नाही, पण भोक पाडणं, घासून शेलपर्यंत जाणं, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट ठोकणं हा बदल.

आणि इथं तो कान आला. डावीकडं हेल्मेट कानाला लागायचं, तासाभरानं ठणकायचं. वडिलांचं म्हणणं, आतला थर्माकोल जरासा कोरू, चमचाभर. गॅरेजवाल्या माणसाला वस्तू घासून बसवायची सवय असते. मामा आणि मी दोघंही आडवे आलो, कारण ईपीएसचं कामच दबून धक्का खाणं आहे, तिथं आधीच खड्डा केला तर धक्का खायला काही उरतच नाही. त्याच कंपनीचं पातळ गालाचं पॅड मिळतं, ते मागवलं, कान बसला.

रंगाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ झाकाझाकीत गेला. व्हायझर, व्हेंट, पॅड, अस्तर काढून घेतलं. आतला ईपीएस प्लास्टिक आणि टेपनं असा बंद केला की हवासुद्धा जाऊ नये, व्हेंटची भोकं आतून बुजवली. पट्टा, त्यावर शिवलेलं ईसीईचं लेबल पिशवीत गुंडाळलं, कारण लेबलवर रंगाचा शिंतोडा गेला तर तपासणारा वाचणार काय. ओल्या ८०० च्या पॉलिश पेपरनं फक्त वरची चमक मारली, कुठंही फायबर दिसू दिलं नाही. पाण्यावर चालणारा बेस, तीन मिलिमीटरची बारीक टेप, आणि शेवटी टू-के क्लिअर, म्हणजे वरचा चमकदार पारदर्शक थर. भट्टीत घालायचं नाही, त्यांच्याकडं गाड्यांची भट्टी आहे तरी, कारण तापमान चढलं की ईपीएस मऊ पडतो. नुसतं सावलीत आठवडाभर टांगून ठेवलं.

फ्लोरोसंट गुलाबीला खाली कोरा पांढरा लागतो, नाहीतर तो मेल्यासारखा दिसतो, आणि उन्हात तो लवकर उडतो म्हणून यूव्हीवाला क्लिअर घेतला. गुलालाची कड मामांनी टेप लावून केली नाही. स्प्रे गनचा दाब कमी करून बुडबुड शिंतोडे उडवले, मग हाताच्या बोटानं सुकी पावडर झटकावी तसा ब्रश झटकला. बाबूराव पेंटरांच्या गावातला माणूस, त्याला धूळ कशी उडते हे टेपनं शिकवायची गरज नाही.

एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय. गालाच्या पॅडला खालून लाल पट्ट्या असतात, रायडर बेशुद्ध असेल तर मार्शलनं त्या ओढून पॅड काढायचे आणि मग मान न हलवता हेल्मेट उतरवायचं. मॅचिंगला त्या पण गुलाबी करू असं एका मित्राचं म्हणणं. नाही. लाल म्हणजे लालच, परक्या गावात परक्या माणसाला अर्ध्या सेकंदात ते दिसलं पाहिजे. मागं खाली रक्तगट लिहिला, साध्या काळ्या अक्षरात, डिझाइनमध्ये न मिसळता.

वजन बघायला गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडं गेलो, आधी आणि नंतर. साठ-सत्तर ग्रॅम वाढलं. जास्त वाटत नाही, पण जोरात ब्रेक मारताना ते सगळं मानेवर येतं, म्हणून क्लिअरचा तिसरा हात मारायचा बेत रद्द केला.

ट्रॅकवर काय झालं

पुढच्या राउंडला घरात तीच माणसं, तोच टीव्ही. या वेळी आजी सगळ्यात आधी ओळखायची, "आला गुलाल" म्हणायची आणि खरंच तो असायचा. दोन-तीन लॅपनंतर माझ्या लक्षात आलं की तिला मागून दिसल्यावरच ओळखता येतोय, समोरून आला की पिवळ्या पट्ट्यांवर ती थोडी थांबते. म्हणजे डिझाइनचा मागचा अर्धा भाग पुढच्यापेक्षा जास्त बोलत होता. नंबर सातवा आला. गाडी तीच, रायडर तोच, हेल्मेटनं कुणी जोरात जात नाही, पण पॅडॉकमध्ये लोक त्याला "पिंकवाला" म्हणायला लागले आणि एका मेकॅनिकनं किरणांचा अर्थ विचारला, त्याला पोरानं मोबाईलवर किरणोत्सव दाखवला.

त्यानंतरच्या राउंडला पडला. पुढच्या चाकाची पकड सुटली, डाव्या कुशीवर घसरत गेला, खडीत जाऊन थांबला, स्वतः उठून चालत आला. हेल्मेटच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा रंग उडालेला, पिवळा पट्टा अर्धा गेलेला, शेलवर ओरखडे.

पडल्यानंतरचा निर्णय

हा मला सगळ्यात अवघड वाटला. पोराचं म्हणणं, वरचा रंगच तर खरवडलाय, मामा टचअप करून देतील. मामांचं सरळ नाही. ईपीएस एकदा दबला की परत फुगत नाही, वरून शेल चांगलं दिसत असलं तरी आतला थर त्या जागी संपलेला असू शकतो, आणि ते उघड्या डोळ्यांना कळेलच असं नाही. साधं पांढरं हेल्मेट असतं तर पोरानं एका मिनिटात फेकलं असतं. आठवडे घालवलेलं, घरभर भांडून ठरवलेलं हेल्मेट फेकवत नाही, म्हणजे रंगानंच त्याला धोक्यात आणलं असतं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी ग्राइंडरनं हनुवटीखाली बांधायचा पट्टाच कापून टाकला, म्हणजे कुणी मोहात पडून परत घालायला नको. आजी घासलेली बाजू हातानं चाचपून म्हणाली, बरं झालं देवीचा चेहरा काढला नव्हता.

पुन्हा असं काम आलं तर

रंगवायच्या आधी दुसऱ्या हेल्मेटचे पैसे बाजूला काढून ठेवायला सांगीन, आणि ते जमत नसेल तर रंगवूच नका म्हणीन. रेसिंगचं हेल्मेट पडणारच आहे, ते धरूनच चालायचं. डिझाइन कॉम्प्युटरवर कापता येईल असं, सगळे पट्टे स्टेन्सिलमध्ये पाहिजेत. आता तसेच आहेत, दुसरं हेल्मेट निम्म्यापेक्षा कमी वेळात झालं. फक्त गुलालाला स्टेन्सिल नाही, मामा तो प्रत्येक वेळी नवीनच उडवतात.

घरच्यांची बैठक मी पहिल्याच दिवशी एकत्र घेईन. एकेकाला वेगळं भेटलं की प्रत्येकजण आपलं चित्र मनात पक्कं करून बसतो. आणि स्पॉन्सरला पैसे घ्यायच्या आधीच जागा दाखवायची, नंतर नाही. कारखानदारसाहेब नवीन हेल्मेटला पण कपाळच मागत होते, हनुवटीवरच समजूत काढली.

समोरून ओळख पटायला पिवळे पट्टे जाड केलेत, मधला पांढरा कमी केलाय. गुलाबीचं अजून ठरलेलं नाही. यूव्ही क्लिअर मारून सुद्धा चेन्नईच्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांत फिकट पडायला लागलेला, आजीच्या भाषेत "धुतलेला गुलाल". साधा, न चमकणारा गुलाबी घेतला तर टिकेल पण लांबून दिसणार नाही. मामा म्हणतात दर सीझनला फक्त मागचा भाग पुन्हा मारू, पण प्रत्येक वेळी वजन चढणार, आणि जुना थर घासून काढायचा म्हटलं तर शेलच्या किती जवळ जायचं हा प्रश्न परत आला. सध्या पोरगा म्हणतोय फिकट होऊ दे, पुढच्या सीझनला बघू.